नवीन घेण्याआधी मीटर लावा: नेट, चार्जिंग, पंखा आणि अर्थिंगचे घरच्याघरी उपाय

वायफाय दर तासाभराने तुटतं. फोन रात्रभर लावून ठेवला तरी सकाळी सत्तर टक्केच. पंखा पाचवर ठेवला तरी दोनवर असल्यासारखा फिरतो. दुकानात गेलं की या तिन्ही तक्रारींना ठरलेली उत्तरं मिळतात: राउटर बदला, बॅटरी बदला, पंखा बदला. पण अशा बहुतेक तक्रारींत मुख्य वस्तू धडधाकट असते, तिच्यापर्यंत वीज धडपणे पोचत नसते. अ‍ॅडॉप्टर थकलेला असतो, केबलची तार बारीक असते, पिनेत कचरा अडकलेला असतो, नाहीतर कंडेन्सर उतरलेला असतो. यातला एकेक भाग पन्नास ते चारशे रुपयांत येतो. म्हणून आधी मोजायचं, मग उघडायचं आणि विकत घ्यायचं सगळ्यात शेवटी.

नाशिकमध्ये या बिघाडांचा हंगामही ठरलेला आहे. मार्च ते मे कोरडी धूळ पिनांमध्ये आणि जाळ्यांमध्ये बसते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की त्याच धुळीला ओल धरते आणि तांब्या-पितळेच्या जोडांवर हिरवट थर चढतो. त्यात पहिल्या वादळी पावसात लाइट चार-पाच वेळा जाते-येते, आणि त्या झटक्यांत थकलेले अ‍ॅडॉप्टर बसतात. खालची तपासणी मे महिन्यातच उरकून घेतलेली बरी.

हाताशी काय हवं

डिजिटल मल्टिमीटर नसेल तर पुढचं काहीच नीट होणार नाही. डीटी-८३०डी नावाने मिळणारा साधा मीटर दोन-तीनशे रुपयांत येतो आणि अ‍ॅडॉप्टर, बॅटरी, केबल तपासायला पुरतो. भिंतीतल्या २३० व्होल्टसाठी मात्र तो वापरू नये, त्याच्या वायरी आणि आतली सुरक्षा त्या कामाच्या नसतात. काळी वायर नेहमी ‘कॉम’च्या भोकात, लाल वायर व्होल्ट-ओहमच्या भोकात. तिसरं भोक १० अँपिअरचं असतं. लाल वायर त्यात राहिली आणि तशीच व्होल्टेज मोजायला लावली की मीटरमधून सरळ शॉर्टसर्किट होतं. स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला बहुधा फ्यूजही नसतो. त्या भोकावर आजच चिकटपट्टी लावून टाका, घरच्या कामात ते लागत नाही.

बाकीचं सामान थोडकं आहे. यूएसबी मीटर: चार्जर आणि केबलच्या मध्ये लावायचा, व्होल्ट आणि अँपिअर दाखवणारा. तीन पिनांचा सॉकेट टेस्टर: अर्थिंग आहे की नाही ते दिव्यांनी सांगणारा. फेज तपासायचा साधा टेस्टर, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलची १०० मिलीची बाटली, लाकडी टूथपिक, जुना मऊ ब्रश, इन्सुलेशन टेप. अल्कोहोलऐवजी सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं आणि ते आतच राहतं. मोबाइलचं किरकोळ सामान महात्मा गांधी रोडवर मिळून जातं, पंख्याचा कंडेन्सर आणि टेस्टर कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातही असतो.

आणि काही गोष्टी घरी उघडायच्याच नाहीत. मायक्रोवेव्हमध्ये दोन हजार व्होल्टच्या आसपासचा कंडेन्सर असतो, तो प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. इन्व्हर्टरचा आतला भाग वायरमनकडेच. फुगलेली मोबाइलची किंवा लॅपटॉपची बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. ती वाळूच्या किंवा कोरड्या मातीच्या डब्यात ठेवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. घंटागाडीत टाकली तर कचऱ्यात दबून पेट घेते.

राउटर सारखा बंद-चालू होतो

राउटरचे सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागत असतील तर दोष कंपनीच्या लाइनचा नाही, विजेचा आहे. फक्त इंटरनेटचा दिवा जात असेल किंवा फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागत असेल तर तक्रार कंपनीकडे. एवढा फरक ओळखला तरी फोनवरचा अर्धा तास वाचतो.

अ‍ॅडॉप्टरवरचं लेबल वाचा. बहुतेकांवर १२ व्होल्ट, १ किंवा १.५ अँपिअर असतं, काही लहान राउटर ९ व्होल्टचे असतात. मीटर डीसी २० वर ठेवा, लाल टोक पिनेच्या मधल्या भोकात, काळं टोक बाहेरच्या कड्याला. ११.८ ते १२.५ दिसलं म्हणून खूश होऊ नका. थकलेला अ‍ॅडॉप्टर रिकामा असताना बरोबर व्होल्टेज दाखवतो आणि राउटर जोडला की खाली बसतो, कारण आतले कंडेन्सर वाळलेले असतात. खरी तपासणी राउटर चालू असताना करायची. त्यासाठी ‘डीसी स्प्लिटर’ नावाची वायर मिळते: एका बाजूला एक तोंड, दुसऱ्या बाजूला दोन पिना. एक पिन राउटरला, दुसरीवर मीटर. राउटर सुरू होताना, सगळे मोबाइल जोडलेले असताना आकडा ११ च्या खाली जात असेल तर अ‍ॅडॉप्टर बदला.

बदलताना व्होल्टेज तंतोतंत तेच हवं. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कारण राउटर लागेल तेवढाच करंट घेतो. लेबलवर अधिक-उण्याची वर्तुळांची खूण असते, ती जुळली पाहिजे. बहुतेक ठिकाणी मध्ये अधिक असतं. पिनेचं माप बघायला लोक विसरतात. बाहेरून ५.५ मिमी सारखंच दिसतं, पण आतलं भोक २.१ किंवा २.५ मिमी असतं. २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटमध्ये आरामात जाते आणि सैल राहते. मग टेबलाला धक्का लागला की नेट जातं आणि नवीन अ‍ॅडॉप्टरही खराब निघाला असं वाटतं.

लाइट गेली तरी नेट चालू ठेवायचं तर

यासाठी घरभर इन्व्हर्टरची गरज नाही. राउटर प्रत्यक्षात ५ ते ८ वॉट खातो. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस हजार-दीड हजारात येतो आणि तो जुन्या अ‍ॅडॉप्टरच्या आणि राउटरच्या मध्ये बसतो.

खोक्यावरचा आकडा मात्र नीट वाचा. ‘८८०० मिलिअँपिअर’ लिहिलेलं असतं ते आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टला धरून, १२ व्होल्टला नव्हे. ८.८ गुणिले ३.७ म्हणजे साधारण ३२.५ वॉट-तास. त्यातले १५ टक्के रूपांतरात जातात, उरतात २७-२८. सात वॉटचा राउटर त्यावर पावणेचार ते चार तास चालेल, तेही बॅटरी नवी असताना. दोन वर्षांनी यातून चांगलीच घट धरा. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही वीज लागते, तेव्हा दोन आउटपुट असलेला यूपीएस घ्या आणि दोघांचे वॉट मिळवून हिशोब करा.

इथे नेहमी एक चूक होते. लाइट परत आली की जुना अ‍ॅडॉप्टर एकाच वेळी राउटर चालवतो आणि बॅटरीही भरतो. १ अँपिअरचा म्हणजे १२ वॉटचा अ‍ॅडॉप्टर असेल, राउटर ७ वॉट घेत असेल, तर चार्जिंगला ५ वॉटच उरतात. अ‍ॅडॉप्टर तापतो, व्होल्टेज पडतं आणि लाइट आल्यानंतर राउटर बंद-चालू होऊ लागतो. यूपीएससोबत १२ व्होल्ट २ अँपिअरचा चांगला अ‍ॅडॉप्टर घ्या, हा प्रश्न उरत नाही. यूपीएस राउटरच्या डोक्यावर ठेवू नका. आत लिथियमचे सेल आहेत आणि एप्रिल-मेमध्ये घरातली हवाच तापलेली असते, त्यात राउटरची ऊब मिळाली की सेल लवकर मरतात.

घरात पॉवर बँक पडून असेल तर यूएसबी ते १२ व्होल्ट अशी व्होल्टेज चढवणारी वायर दीड-दोनशे रुपयांत मिळते. पॉवर बँकेच्या ५ व्होल्ट २ अँपिअरमधून पलीकडे साधारण साडेआठ वॉट निघतात, म्हणजे १२ व्होल्टला ०.७ अँपिअर. लहान राउटरला हे पुरतं, मोठ्या चार अँटेनांच्या राउटरला नाही. दहा हजार मिलिअँपिअरची बँक तीन तासांच्या आसपास काढते. बहुतेक पॉवर बँका चार्ज होताना आउटपुट क्षणभर तोडतात, त्यामुळे ही सोय लाइट गेल्यावर हाताने जोडायची, कायमची नव्हे.

आपल्याकडे बॅकअप असूनही लाइट गेली की नेट जात असेल तर वर बघा. शुद्ध फायबरच्या जोडणीत वाटेत लाइनच्या फांद्या करणाऱ्या डब्यांना वीज लागत नाही. पण काही ठिकाणी फायबर फक्त इमारतीपर्यंत येतं आणि तिथून जिन्यातल्या एका स्विचमधून लॅन केबल घराघरांत जाते. तो स्विच सोसायटीच्या लाइटवर असतो. त्यालाच एक छोटा यूपीएस लावला की सगळ्या मजल्यांचं काम होतं. चार बिऱ्हाडांनी वर्गणी काढली तर प्रत्येकी तीन-चारशे रुपये.

आतल्या खोलीत रेंज नाही

जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या भिंती जाड, दगड-विटांच्या. त्यातून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दुसऱ्या खोलीतही धड पोचत नाही. सिडकोतल्या घरांवर मजले चढवलेत, तिथे मध्ये स्लॅब येतो. आधी फुकटचे उपाय करा. राउटर टीव्हीच्या मागून, लोखंडी कपाटाच्या वरून आणि फिशटँकच्या शेजारून हलवा, घराच्या मध्यावर छातीच्या उंचीला ठेवा. २.४ गिगाहर्ट्झचा चॅनेल ‘ऑटो’वरून काढून १, ६ किंवा ११ पैकी शेजाऱ्यांत सगळ्यात कमी असलेला निवडा. मधले चॅनेल दोन्ही बाजूंना घासतात, म्हणून हे तीनच.

तरी पुरत नसेल तर वायरलेस रिपीटर घेण्याची घाई करू नका. तो त्याच हवेतून ऐकतो आणि त्याच हवेत बोलतो, म्हणून स्वस्त रिपीटरवर वेग निम्म्यावर येतो. माळ्यावर पडलेला जुना राउटर आणि एक लॅन केबल यापेक्षा कितीतरी चांगलं काम करतात.

१. जुना राउटर रीसेट करा: मागचं बारीक बटण चालू अवस्थेत दहा सेकंद दाबा.
२. लॅपटॉप केबलने त्याला जोडा आणि खाली लिहिलेल्या पत्त्यावर जाऊन लॉगिन करा.
३. आधी त्याचा लॅन पत्ता बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. बदलल्यावर पान तुटेल, नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा.
४. वायफायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरचाच ठेवा, चॅनेल मात्र वेगळा. मुख्य १ वर असेल तर हा ६ किंवा ११ वर.
५. डीएचसीपी (जोडलेल्या उपकरणांना आपोआप पत्ते देणारी सोय) बंद करा आणि जतन करा. हे शेवटी करायचं, कारण त्यानंतर लॅपटॉपला तो राउटर पत्ता देणार नाही.
६. मुख्य राउटरच्या लॅन भोकातून आलेली केबल याच्याही लॅन भोकात घाला. वेगळ्या रंगाचं वॅन भोक मोकळंच राहील.

डीएचसीपी चालू राहिलं तर दोन राउटर पत्ते वाटत बसतात: काही मोबाइलला नेट येतं, काहींना नाही, आणि दर तासाला ते बदलतं. डीएचसीपी बंद करून केबल वॅनमध्ये घातली तर या राउटरवरच्या मोबाइलला पत्ताच मिळणार नाही आणि नेट चालणार नाही.

केबल कॅट-६, शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण वळवताना आत तुटते. टोकं स्वतः दाबणार असाल तर खटका खाली आणि पितळी पट्ट्या वर धरून डावीकडून क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. जोड्यांचा पीळ टोकाच्या सव्वा सेंटिमीटरपेक्षा जास्त सोडू नका आणि बाहेरचं वेष्टण कनेक्टरच्या आत दाबलं जाईल असं बघा, नाहीतर ओढ बारीक तारांवर येते. तीनशे एमबीपीएसचा प्लॅन असून केबलवर वेग बरोबर ९०-९५ ला अडकत असेल तर बहुधा आठांपैकी एखादी तार लागलेली नाही. १०० च्या जोडणीला चार तारा पुरतात, हजारच्या जोडणीला आठही लागतात. टोक कापून पुन्हा दाबा.

फोन हळू चार्ज होतो

बॅटरीला दोष देण्याआधी पिनेचं भोक बघा. केबल पूर्वीसारखी खटकन बसत नसेल, मिलिमीटरभर बाहेर राहत असेल किंवा हलवली की चार्जिंग तुटत असेल, तर आत खिशातला कापूस दाबून बसलाय. फोन बंद करा. टूथपिकचं टोक ब्लेडने चपटं करा. टाइप-सीच्या भोकात मधोमध एक पातळ जीभ असते, तिला हात लावायचा नाही. जिभेच्या वरच्या आणि खालच्या फटीतून, बाहेरच्या भिंतीला चिकटून टोक आत न्या आणि मागच्या तळाला हलकेच खरवडून बाहेर ओढा. नमदा लाटल्यासारखा कापूस निघतो. सुई, टाचणी, सेफ्टी पिन वापरू नका: जिभेवरच्या पट्ट्या त्यांनी उचकटतात आणि मग पाचशे-हजाराचं काम निघतं. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीची वाफ आत जाते. हिरवट डाग दिसला तर ब्रशवर दोन थेंब अल्कोहोल घेऊन पुसा आणि अर्धा तास वाळू द्या.

मग केबल. यूएसबी मीटर लावा, फोन ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असताना, स्क्रीन बंद ठेवून दहा मिनिटं बघा. ८० टक्क्यांनंतर फोन स्वतःच वेग कमी करतो आणि तापला तरी कमी करतो, म्हणून त्या वेळचे आकडे धरायचे नाहीत. मुद्दा तारेच्या जाडीचा आहे. स्वस्त केबलमध्ये २८ गेजची तार असते (गेजचा आकडा मोठा तेवढी तार बारीक), तिचा रोध दर मीटर लांबीला सुमारे ०.२१ ओहम. एक मीटरच्या केबलमध्ये वीज जाऊन-येऊन दोन मीटर चालते, म्हणजे ०.४२ ओहम. २ अँपिअरला ०.८५ व्होल्ट वाटेतच गेले. चार्जरवर ५ असतील तर फोनला सव्वाचारच्याही खाली मिळतात. २४ गेजच्या तारेत हीच घट ०.३५ च्या आत राहते. म्हणून केबलवर २४ गेज लिहिलेलं असेल तर ती घ्या, आणि तीन मीटरची लांब केबल फक्त जलद चार्जरवर वापरा. जलद चार्जर ९ व्होल्ट किंवा त्याहून जास्त देतो, तेवढ्याच वॉटला करंट कमी लागतो आणि घट कमी होते.

जलद चार्जिंग मोजताना दोन्ही बाजूंना टाइप-सी असलेला मीटर लागतो. साध्या चौकोनी यूएसबीचा मीटर मध्ये आला की काही चार्जर आणि फोन यांची बोलणी मोडतात आणि चार्जिंग हळू पडतं, तो दोष मीटरचा असतो. लॅपटॉपसाठी ६० वॉटच्या वरची टाइप-सी केबल घेताना तीत ओळख सांगणारी चिप हवी. नसेल तर चार्जर ३ अँपिअरच्या पुढे जातच नाही.

भिजलेला फोन तांदळात ठेवू नका. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, उलट त्याचं पीठ भोकांत जातं. अ‍ॅपलनेही आपल्या ग्राहकांना हे करू नका असं लिहून कळवलंय. फोन लगेच बंद करा, सिमचा ट्रे काढा, पिनेचं भोक खाली करून तळहातावर हलके आपटा, बाहेरून पुसा आणि पंख्याच्या वाऱ्यात उभा ठेवा. हेअर ड्रायर नको, गरम वारा पाणी आत ढकलतो. ओल असल्याची सूचना येत असेपर्यंत चार्जर लावायचा नाही: पाणी आणि वीज एकत्र आली की पिना लवकर हिरव्या पडतात. गोदेच्या किंवा गटाराच्या गढूळ पाण्यात पडला असेल तर वाळवून भागत नाही. आत माती आणि क्षार राहतात, त्याच दिवशी उघडून अल्कोहोलने धुणाऱ्याकडे द्या.

पंखा हळू फिरतो

घरातले सगळेच पंखे मंद असतील तर व्होल्टेज कमी आहे. एकच मंद असेल तर आधी लाइट बंद करून पातं हाताने फिरवा. जड लागलं किंवा खरखर आली तर बेअरिंग. मोकळं फिरतंय, पण चालू केल्यावर नुसता गूं आवाज येतो आणि लाकडी काठीने ढकललं की सुरू होतो, तर कंडेन्सर. पाचवर पूर्ण फिरतो आणि दोन-तीनवरच बिघडतो, तर रेग्युलेटर.

४८ इंची साध्या पंख्याला बहुधा २.५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्टचा कंडेन्सर असतो, काहींना ३.१५ चा. जुन्यावर छापलेला आकडाच आणा. ‘जरा मोठा टाका, पळेल’ असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. ४ चा टाकला तर वाइंडिंग तापतं आणि पंखाच जळू शकतो. बीएलडीसी (ब्रशविना डीसी मोटरच्या) पंख्यात हा भाग नसतो, त्यांचं सर्किट वेगळं.

नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलवर असतं, बटण बंद असूनही वर फेज राहतो. एमसीबी खाली पाडा, त्यावर टेप लावा, घरच्यांना सांगा. मग पंख्याच्या वरची किंवा खालची वाटी सैल करा आणि वायरीच्या जोडावर टेस्टर लावून खात्री करा. दांड्याच्या नट-बोल्टला आणि त्याच्या स्प्लिट पिनेला हात लावू नका, पंख्याचं वजन त्यावर आहे. वायरींचा फोटो काढा. जुन्या कंडेन्सरची दोन टोकं प्लास्टिकच्या मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरने एकमेकांना जोडून तो रिकामा करा. नवीन लावताना त्याची कुठलीही वायर कुठल्याही टोकाला चालते, त्याला अधिक-उणे नसतं. जोड घट्ट पिळून प्रत्येकावर स्वतंत्र टेप. दोन उघडे जोड एकाच टेपमध्ये गुंडाळले की पहिल्या पावसाळ्यात ठिणगी पडते. मायक्रोफॅरड मोजणारा मीटर असेल तर जुना कंडेन्सर मोजून बघा, २.५ चा २.२ च्या खाली आला की पंखा मंद होतो.

लॅपटॉपला हात लावला की मुंग्या

धातूचा लॅपटॉप चार्जिंगला लावून मनगट टेकवलं की झिणझिण्या येतात आणि टेस्टरही मिणमिणतो. अ‍ॅडॉप्टरमध्ये आवाज दाबण्यासाठी एक बारीक कंडेन्सर असतो, त्यातून अगदी थोडा करंट बॉडीवर येतो आणि तो अर्थिंगमधून जायचा असतो. अर्थिंग नसेल किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमधून लावला असेल तर तो तुमच्यातून जातो. एवढ्याने इजा होत नाही, पण हा इशारा आहे. त्याच सॉकेटच्या अर्थिंगवर फ्रिज आणि गिझर असतील तर तिथे प्रश्न जिवाचा आहे.

सॉकेट टेस्टर घरातल्या प्रत्येक तीन पिनी सॉकेटमध्ये लावून बघा. समोरून पाहताना वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. एकाच सॉकेटला अर्थिंग नसेल तर त्याच बोर्डातली वायर सुटलीय, वायरमन दहा मिनिटांत लावेल. सगळीकडेच नसेल तर खड्ड्यापासून तपासावं लागतं. बंगल्यात किंवा रो हाउसमध्ये अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात वाळून जातो. मार्च ते मे आठवड्याला दोन बादल्या पाणी त्यात ओता.

काही जण अर्थिंगची वायर न्यूट्रलला जोडून देतात. टेस्टर लगेच ‘बरोबर’ दाखवतो. पण बाहेर कुठे न्यूट्रल तुटला की त्या घरातल्या फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात. असं कुणी करून गेलं असेल तर आजच काढायला लावा. वायरमन आलाच आहे तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइट तोडणारा स्विच) बसवून घ्या.

इन्व्हर्टरची बॅटरी आणि रिमोट

इन्व्हर्टर पूर्वी तीन तास चालायचा, आता चाळीस मिनिटं. आधी पाणी बघा. टोपणांवरचे दांडे लाल खुणेच्या खाली गेले असतील तर डिस्टिल्ड वॉटर घाला, हिरव्या खुणेच्या वर नाही. नळाचं किंवा आरओचं पाणी चालत नाही, त्यातले क्षार प्लेटवर बसतात. उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी, एरवी तीन-चार महिन्यांनी बघा. टोकांवर पांढरा-हिरवा फुलोरा आला असेल तर इन्व्हर्टर बंद करून आधी उण्याची वायर काढा, मग अधिकची. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून ब्रशने घासा. द्रावण टोपणांतून आत जाऊ देऊ नका, आतलं आम्ल मरतं. कोरडं करून आधी अधिकची, मग उण्याची वायर घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन. हातमोजे, चष्मा हवाच, आणि खिडकी उघडी. पूर्ण चार्ज करून, सहा तास काही न जोडता ठेवल्यावर मीटरवर १२.६ च्या आसपास हवेत. १२.२ च्या पुढे जात नसेल तर बॅटरी संपली.

रिमोट चालत नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. टोकाला जांभळट दिवा लुकलुकला तर रिमोट ठीक आहे, टीव्हीचा डोळा बघा. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्याला हा प्रकाश दिसत नाही, तेव्हा सेल्फीचा वापरा. दिवा नसेल तर सेल मोजा, १.२ च्या खाली असतील तर दोन्ही एकदम बदला. ठरावीक एक-दोन बटणंच दाबली जात नसतील तर रिमोट उघडून रबराखालच्या काळ्या ठिपक्यांवरून आणि पट्टीवरून अल्कोहोलचा बोळा फिरवा. सेल गळून स्प्रिंगवर थर आला असेल तर अल्कोहोलने पुसून बारीक पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. तरी संपर्क होत नसेल तर स्प्रिंग पक्कडीने दोन मिलिमीटर ओढून ताठ करा, मग सेल बसवा.